आईस फिशिंगचा तंबू हाताने ओढून न्यायचा असेल तर कोणता घ्यावा?

रील्समध्ये तुम्ही पाहिलं असेल. पांढराशुभ्र गोठलेला तलाव, मधोमध एक लाल-काळा तंबू, आत निवांत टीशर्टवर बसलेला माणूस आणि बर्फातल्या भोकातून वर येणारा मासा. एक गोष्ट मात्र रीलमध्ये कधीच दिसत नाही. तो तंबू तलावाच्या मध्यापर्यंत पोचला कसा?

बहुतेक वेळा स्नोमोबिल किंवा पिकअप ट्रकच्या मागे बांधून. पण सगळ्यांकडे स्नोमोबिल नसते. मी मिनियापोलिसला प्रोजेक्टवर आहे, माझ्याकडे एक सेकंडहँड सेडान आणि दोन हात आहेत. माझा रूममेट सोलापूरचा, त्याच्याकडेही तेवढंच. मागच्या हिवाळ्यात आम्ही दोघांनी मिळून तंबू घ्यायचं ठरवलं आणि मोबाईल घेताना करतो तसा अभ्यास सुरू केला. फरक एवढाच की मोबाईल चुकीचा निघाला तर वैताग येतो. तंबू चुकीचा निघाला तर संध्याकाळी उणे २० डिग्रीत, समोरून वारा येत असताना, किनारा एक किलोमीटर लांब असतो आणि तुमच्यात ओढायची ताकद उरलेली नसते. म्हणून हा लेख. इकडे एमएसला किंवा ऑनसाईट येणाऱ्यांना थेट उपयोगी पडेल, बाकीच्यांना स्पेसिफिकेशनचा कागद कसा वाचायचा ते कळेल.

हाताने ओढायचा हट्ट का?

पैसे वाचतात हे खरंच, पण त्याहून मोठं कारण बर्फाच्या जाडीचं आहे. मिनेसोटाचा नैसर्गिक संपत्ती विभाग, ज्याला इथे सगळे डीएनआर म्हणतात, तो सांगतो की नव्या, पारदर्शक बर्फावर पायी चालायला किमान ४ इंच जाडी हवी. स्नोमोबिलला ५ ते ७ इंच. छोट्या कारला ९ ते १० इंच. म्हणजे डिसेंबरच्या सुरुवातीला एक काळ असा असतो की फक्त पायी जाणारा माणूसच बर्फावर जाऊ शकतो. आणि नेमक्या याच दिवसांत मासे जास्त लागतात असं इथले जुने मच्छीमार सांगतात. ते या दिवसांना 'फर्स्ट आईस' म्हणतात आणि वर्षभर त्याची वाट बघतात.

हे आकडे पारदर्शक, काळसर दिसणाऱ्या बर्फाचे आहेत. दुधासारखा पांढरा बर्फ साधारण निम्म्याच ताकदीचा धरतात, म्हणजे तिथे जाडी दुप्पट हवी. आणि एका ठिकाणी ५ इंच मिळाला म्हणून पन्नास पावलांवरही ५ इंचच असेल असं नाही. खाली झरा किंवा प्रवाह असेल तर तिथे बर्फ पातळच राहतो. म्हणून लोखंडी पहार घेऊन ठोकत ठोकत पुढे जायचं. ही पहार, गळ्यात अडकवायचे बर्फात रुतवण्याचे दोन खिळे आणि एक दोर हे तंबूच्याही आधी विकत घ्या. हे सगळं मिळून एका बऱ्या पॉवर बँकेच्या किमतीत येतं.

दोन जाती: टपवाला आणि छत्रीवाला

दुकानात शिरलात की डोकं गरगरतं इतके मॉडेल दिसतात. क्लॅम, एस्किमो, ऑटर ही नेहमीची नावं. पण हाताने ओढणाऱ्यासाठी मुख्य प्रकार दोनच.

पहिला 'फ्लिप-ओव्हर'. खाली प्लास्टिकची मोठी परात म्हणावी अशी घसरगाडी, म्हणजे स्लेड. त्यावर खुर्ची बसवलेली आणि मागे दुमडलेलं कापड. बसायचं, कापड डोक्यावरून पुढे ओढायचं, झाला तंबू. बाबागाडीचा टप असतो ना, डिट्टो तसं. मिनेसोटाच्याच डेव्ह गेंझ नावाच्या मच्छीमाराने 'फिश ट्रॅप' नावाने हा प्रकार लोकप्रिय केला आणि मग तो क्लॅम कंपनीने बाजारात नेला. त्याआधी लोक एका जागी लाकडी खोपटं उभारून हिवाळाभर तिथेच बसायचे. गेंझचं म्हणणं साधं होतं, मासा तुमच्याकडे येत नसेल तर तुम्ही उठून माशाकडे जा. हलका, चटकन उघडमीट होणारा तंबू ही त्या विचाराची गरज होती.

दुसरा 'हब'. याला स्लेड नसते. लांबट पिशवीतून छत्रीसारखी घडी निघते, प्रत्येक भिंतीच्या मधला दांड्यांचा जोड बाहेर ओढला की भिंत 'टक्क' करून ताठ होते. चार भिंती आणि छत झालं की उभं राहता येईल एवढी खोली तयार. जागेच्या मानाने वजन फारच कमी. तीन माणसांचा साधा हब २५ पौंडांच्या आसपास मिळतो, म्हणजे ११-१२ किलो. तेच दोन माणसांचा फ्लिप-ओव्हर स्लेडसकट ३५ ते ५० किलोपर्यंत सहज जातो. एका माणसाचा फ्लिप-ओव्हर मात्र २० ते ३० किलोत बसतो.

'तीन माणसांचा' या शब्दावर जाऊ नका. वडापच्या जीपमध्ये जशी माणसं मोजतात तसं हे मोजमाप आहे. जाड जॅकेट, बूट, दोन भोकं, हीटर आणि बादली धरली तर तीनचा तंबू दोघांना होतो. दोनचा एकाला.

डब्यावरचं वजन आणि खरं वजन

इथे बहुतेक जण फसतात. वेबसाईटवर लिहिलेलं वजन फक्त तंबूचं असतं. तुम्ही ओढणार आहात सगळा संसार. आम्ही एक शीट बनवली आणि विमानाच्या बॅगा तोलायचा हूकवाला काटा, जो प्रत्येक भारतीय घरात असतोच, तो काढून एकेक वस्तू तोलली. बर्फ कोरायचं ऑगर, हीटर, गॅसच्या दोन टाक्या, गळ, बादली, सोनार आणि त्याची बॅटरी, थर्मास, डबा, जादा कपडे, पहार. तंबू सोडून हेच १६ किलो भरलं. परतीच्या वाटेवर कापडावर साचलेला बर्फ आणि ओल वेगळी, आणि नशीब असेल तर मासे.

मग त्याच काट्याने आम्ही दुसरं काम केलं. ओळखीच्या एकाची स्लेड आणली, त्यात एकूण ४० किलो सामान भरलं, दोर आणि स्लेड यांच्यामध्ये काटा अडकवला आणि ओढून पाहिलं. वाऱ्याने गुळगुळीत झालेल्या उघड्या बर्फावर काटा २ ते ३ किलो दाखवत होता. दुसऱ्यांच्या पायांनी, गाड्यांनी दाबलेल्या वाटेवर ४ किलो. घोट्याच्या वर येणाऱ्या मोकळ्या हिमात १२ किलो, मधूनच जास्त.

तेच सामान, तीच स्लेड, आणि जोर पाचपट. कारण मोकळ्या हिमात स्लेड घसरत नाही, नांगरते. पुढचं हिम ढकलत, दाबत जाते. १२ किलोच्या ओढीने ८०० मीटर चालणं म्हणजे गणिताने ४० किलोचं ओझं २४० मीटर उंच उचलणं. ऐंशी मजली इमारत समजा. आणि ही फक्त एक बाजू झाली, परत यायचं आहेच.

अजून एक गंमत. फार थंडी पडली की बर्फ जास्त घसरडा होईल असं आपल्याला वाटतं. उलट होतं. घर्षणाने पृष्ठभागावर पाण्याचा अगदी पातळ थर तयार होतो, त्यावर स्लेड घसरते. उणे २५ ला तो थर नीट बनतच नाही आणि हिम वाळूसारखं लागतं. त्यामुळे सगळ्यात थंड दिवशी, जेव्हा लवकर परतावंसं वाटतं, तेव्हाच ओझं सगळ्यात जड लागतं.

माझा नियम असा झाला आहे: सगळं मिळून दाबलेल्या वाटेवर एकट्याने ओढायचं वजन आपल्या वजनाच्या निम्म्यावर ठेवायचं. हा कुठल्या पुस्तकातला नियम नाही, माझ्या गुडघ्यांशी झालेला करार आहे.

स्लेडकडे नीट बघा, रंगाकडे नंतर

स्लेडचं नाक उंच आणि वर वळलेलं हवं, म्हणजे ती हिमावर चढते. सपाट नाकाची स्लेड फावड्यासारखी वागते. रुंद स्लेड ऐसपैस वाटते पण तुमच्या पायांनी तयार होणाऱ्या वाटेपेक्षा ती रुंद असेल तर दोन्ही बाजूंनी नवं हिम नांगरावं लागतं. लांब आणि अरुंद बरी. खाली लावायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या मिळतात, त्या झिजल्या की बदलता येतात आणि स्लेडचा तळ वाचतो. पायी ओढणाऱ्यालाही त्यांचा फायदा आहे, स्लेड सरळ चालते, तिरकी पळत नाही.

दोर आखूड नको. आखूड दोराने स्लेडचं नाक उचललं जातं हे खरं, पण उतारावर ती थेट टाचांवर येऊन आदळते. खांद्यावर किंवा कमरेला बांधायचा पट्टा घ्या. हातात दोर धरून कोणी फार लांब जात नाही, बोटं आधी गारठतात. बैलाला जू खांद्यावर असतं, शेपटीला नाही, याला कारण आहे.

स्लशबद्दल इथे सांगून ठेवतो. हिमाच्या वजनाने बर्फाचा थर थोडा खाली दबतो, भेगांतून आणि भोकांतून पाणी वर येतं आणि हिमाखाली चिखलासारखा लगदा होतो. वरून काहीच दिसत नाही. त्यात स्लेड उभी केली तर अर्ध्या तासात ती बर्फाला चिकटते. थांबायची जागा पायाने उकरून कोरडी आहे ना ते बघायचं, आणि अधूनमधून स्लेडला लाथ मारून मोकळी करायची. सभ्य उपाय मला अजून सापडलेला नाही.

कापड, डेनियर आणि टपटप पडणारं पाणी

कापडाच्या पुढे ३००डी, ६००डी असं लिहिलेलं असतं. हा डी म्हणजे डेनियर. ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. म्हणजे ६०० डेनियरचा ९ किलोमीटर धागा ६०० ग्रॅम भरेल. आकडा जास्त तितका धागा जाड, कापड टिकाऊ आणि अर्थात जड. रोज ट्रकमागे फरफटणाऱ्या तंबूला जाड कापड हवं. महिन्यातून तीनदा हाताने नेणाऱ्याला ३०० चालतं.

खरा प्रश्न आहे इन्सुलेटेड घ्यायचा की साधा. इन्सुलेटेडमध्ये दोन कापडांमध्ये गोधडीसारखा थर असतो. त्याने वजन साधारण ४-५ किलोने वाढतं आणि किंमतही. दुकानदार सांगतो 'उबदार राहतो'. राहतो, पण त्याहून मोठा फायदा पाण्याचा आहे. हीटरमधला प्रोपेन जळताना कार्बन डायऑक्साईडबरोबर पाण्याची वाफही तयार होते. एक किलो प्रोपेन जाळला की सुमारे १.६ किलो पाणी बनतं. एका पौंडाच्या छोट्या टाकीतून जवळजवळ पाऊण लिटर! शिवाय आपला श्वास. ही वाफ साध्या गार कापडावर जाऊन बसते, गोठते आणि हीटर वाढवला की डोक्यावर टपटप पडते. पाऊस पडतोय असं वाटतं. इन्सुलेटेड कापडाची आतली बाजू कोमट असते म्हणून हे बरंच कमी होतं.

९,००० बीटीयूचा छोटा हीटर पूर्ण जोरात लावला तर एक पौंडाची टाकी सव्वादोन-अडीच तास टिकते. ४,००० वर ठेवला तर पाच तासांच्या वर. साध्या तंबूत हीटर जोरात ठेवावा लागला तर एक जादा टाकी लागते. म्हणजे कापडात वाचवलेलं वजन थोडंफार गॅसच्या रूपाने परत येतं. तुम्ही दोन-तीन तासच बसणार असाल तर साधा पुरतो. पूर्ण दिवस असेल तर इन्सुलेटेड.

आता हे गंमतीत घेऊ नका. बंद तंबूत हीटर लावला की कार्बन मोनॉक्साईड साठू शकतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, झोप आल्यासारखं वाटतं आणि माणूस थंडीला दोष देत बसतो. या वायूने तंबूत माणसं दगावली आहेत. तंबूला वर आणि खाली उघडता येणारी झडप आहे का ते विकत घेतानाच बघा आणि ती उघडी ठेवा, कितीही गार लागो. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साईड अलार्म हातात मावतो, वजन नगण्य. यादीतून काही काढायची वेळ आली तर हा काढायचा नाही.

वारा

तलावावर अडवायला काहीच नसतं. ताशी ३६ किलोमीटरचा वारा हबच्या एका भिंतीवर साधारण २५ किलोचा जोर लावतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट, म्हणजे १०० किलो. १२ किलोचा तंबू पतंगासारखा जातो आणि इथे त्याचे व्हिडिओ पाहून लोक हसतात. हबला बर्फात फिरवून बसवायचे स्क्रू येतात. वारा ज्या बाजूने येतोय तिकडचा कोपरा आधी ठोकायचा, मग तंबू उघडायचा. एकट्याने जोरदार वाऱ्यात हब उभा करणं मला तरी कठीण वाटतं. फ्लिप-ओव्हरमध्ये तुम्ही स्वतःच वजन म्हणून स्लेडमध्ये बसलेले असता. एकटे जाणार असाल तर हा मुद्दा एकटाच निर्णय फिरवू शकतो.

फोन आणि बॅटऱ्या

थंडीत लिथियम-आयन बॅटरीची आतली रासायनिक क्रिया मंदावते आणि ४० टक्के दाखवणारा फोन अचानक बंद पडतो. फोन आतल्या खिशात, शरीराला लागून ठेवा. गारठलेला फोन लगेच चार्जिंगला लावू नका. शून्याखाली चार्ज केल्यास बॅटरीत लिथियमचा धातूसारखा थर बसतो आणि क्षमता कायमची घटते. आधी कोमट होऊ द्या.

बर्फावर पाय ठेवायच्या आधी गाडी लावलेल्या जागेचा पिन टाका आणि त्या भागाचा नकाशा ऑफलाईन उतरवून घ्या. हिमवादळात किनारा दिसेनासा होतो, तेव्हा दिशा फोनच सांगतो. सोनारसाठी जुन्या पद्धतीची लेड-ॲसिड बॅटरी असेल तर तेवढ्याच क्षमतेची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी निम्म्याच्या आसपास वजनात येते. एक-दीड किलो वाचतो. ऑगरच्या बाबतीतही हेच: पेट्रोलवाल्यापेक्षा घरच्या कॉर्डलेस ड्रिलला लावायचं ऑगर खूप हलकं.

मग आम्ही काय घेतलं?

रूममेटचा जीव दोन माणसांच्या फ्लिप-ओव्हरवर होता. "अरे, खुर्च्या आहेत त्यात!" हे त्याचं मुख्य कारण. दुकानात प्रदर्शनाला ठेवलेला एक उचलून बघू म्हटलं, तर दोघांनी मिळून गाडीपर्यंत नेणंच जिकिरीचं झालं असतं, आणि सेडानच्या डिकीत तो मावलाच नसता. मोजपट्टी खिशात ठेवून दुकानात जा.

आम्ही तीन माणसांचा इन्सुलेटेड हब घेतला आणि सामानासाठी वेगळी, अरुंद, साधी प्लास्टिकची स्लेड. हबची पिशवी पाच फुटांच्या आसपास लांब पण सडपातळ, मागची सीट पाडली की जाते. खुर्च्यांऐवजी दोन बादल्या, उलट्या करून बसायच्या. सगळं मिळून ३५ किलोच्या आत. जाताना एक ओढतो, दुसरा पहार घेऊन पुढे बर्फ ठोकत वाट करतो, मग अदलाबदल. मागच्याला दाबलेली वाट मिळते. ओढताना जॅकेट काढून स्लेडवर टाकायचं, कारण घामाने आतले कपडे ओले झाले की बसल्यावर जी थंडी भरते ती कुठलाच हीटर काढत नाही.

एकटा असतो तर मी बिनदिक्कत एका माणसाचा फ्लिप-ओव्हर घेतला असता. एका मिनिटात उघडतो, वाऱ्याला जुमानत नाही, मासे नाही लागले तर बंद करून पन्नास पावलं पुढे. डिकी मोठी असलेली गाडी मात्र हवी. किमतीत हबपेक्षा तो बराच वर जातो. हब २०० ते ४०० डॉलरमध्ये बघायला मिळतात, इन्सुलेटेड फ्लिप-ओव्हर ४०० च्या पुढेच. मार्चमध्ये सीझन संपताना जुना माल स्वस्त निघतो, तेव्हा घ्यावा.

मासेमारीचा परवाना वेगळा लागतो, तो ऑनलाईन मिळतो. हिवाळ्यात मिनेसोटात एका माणसाला दोन गळ लावता येतात. तंबू सोडून कुठे न जाता त्याच दिवशी घरी आणणार असाल तर तंबूचा वेगळा परवाना लागत नाही.

आणि हो, घरी आल्यावर तंबू पिशवीतून बाहेर काढून पूर्ण वाळवा. आम्ही तो हॉलमध्येच उघडतो, रात्रभर तसाच उभा असतो. सकाळी त्याच्या आत बसून चहा प्यायला रूममेटला फार आवडतं.